वरवंटा आणि गुळाचा खडा

मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात मी केस पिकेपर्यंत अंगणवाडी चालवत आलेय. स्वभाव माझा तिखट, हे आधीच सांगून टाकते. लेकराचं वजन घटलं की त्याच्या आईला अशी झापते, की ती बिचारी दुसऱ्या दिवशी तुपाची वाटी घेऊनच हजर! वजनाच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात कोण, पिवळ्यात कोण, कुपोषणाच्या लाल पट्ट्यात कोण, मला झोपेतून उठवून विचारा. आणि माझ्याच घरात लाल पट्टा हिंडत होता, तो मला दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लेक लातूरला शिकायला होती. तिकडं गेल्यावर ती उपास धरायला लागली. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. मला काय, लई आनंद! हल्लीच्या पोरींना देवधर्म कळत नाही म्हणणाऱ्या बायांना मी हळदीकुंकवात गाठून गाठून सांगितलं. माझी पोरगी उपासाला साबुदाणासुद्धा खात नाही म्हणून तर मी आणखीच फुगले. दिवाळीत ती घरी आली. शाळेत असतानाच्या तिच्या बांगड्या मी हौसेनं तिच्या हातात चढवल्या, तर त्या सर्रकन कोपरापर्यंत गेल्या.

मग मी काय केलं? सगळी दुनिया करते तेच. ताटापाशी पहारा. धपाटी तुपात बुडवली, ओरडले, रडले, गळ्याची शपथ घातली, शेजारणीकडून दृष्ट काढून घेतली. ती एक घास घ्यायची आणि माझ्याकडं अशी बघायची, जणू मी तिला विषच घालून राहिले. शेवटी म्हणाली, "मी तुझ्या अंगणवाडीतलं लेकरू न्हाई, आई. माझं शरीर हाय, माझं मी बघीन."

आधी मी भडकले. मग हातातला घास ताटात ठेवला. कारण अंगणवाडीत मीच आयांना शिकवते, घास कोंबू नका, लेकराला त्याच्या हातानं खाऊ द्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

एक दिवस ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. स्वतःच घाबरली, आणि नांदेडला डॉक्टरीणबाईंकडं यायला तयार झाली. बाई म्हणाल्या, हा हट्ट नाही, उपासही नाही. हा खाण्याची भीती घालणारा आजार आहे, आणि तो ओरडून जात नाही. तिथंच आम्हां मायलेकींचा कागदावर करार झाला. बाईंनी सांगितलेल्यातलं काय खायचं, ते लेक ठरवणार. मी ताटाकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. दर रविवारी तिनं काट्याकडं पाठ करून वजनाला उभं राहायचं, आकडा फक्त मी बघायचा. आणि बाईंनी आखलेल्या रेघेच्या खाली वजन गेलं तर दवाखान्यात भरती, वाद नाही. दोघींनी सह्या केल्या. "करार आधी तुम्ही मोडाल," बाई मला म्हणाल्या. माणसं ओळखण्यात हुशार होत्या.

तोंड बंद ठेवणं काय असतं, ते मला विचारा. जेवताना मी पदराचं टोक दातात धरून बसायचे. आमचे हे म्हणाले, "लग्नापासून पहिल्यांदाच या घरात शांततेत जेवून राहिलो." त्यांच्याशी न बोलण्याचा करार नव्हता. मग सगळं त्यांच्यावर निघायचं, बिचारे!

कॉलेज थांबवून लेक घरीच राहिली. काही आठवडे बरे गेले. एका रविवारी सकाळी चटणी वाटायला बसले तर पाटा जागेवर आणि वरवंटा गायब. घर पालथं घातलं, ह्यांना चार शब्द सुनावले आणि चिडूनच लेकीला घेऊन अंगणवाडीत गेले. ती काट्यावर उभी राहिली. बाई गं, आकडा असा काही वर गेलेला! आनंदानं मी तिला गच्च मिठी मारली आणि माझ्या बरगडीत दगड रुतला. कुडत्याखाली ओढणीनं कमरेला बांधलेला होता. आमचा वरवंटा!

आधी मला हसू फुटलं. मग तीही हसली. दोघी पोट धरून हसलो, खोटं कशाला सांगू. मग मी म्हणाले, "आता तो काढ आणि परत उभी राहा."

वजन रेघेच्या खाली होतं. बरंच खाली.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," ती हात जोडून म्हणाली. घरी आलो तर ह्यांचाही पाय मागं. "मोठी झालीय आता. तिच्या मनाविरुद्ध कसं न्यायचं?" मी म्हणाले, "सही तिच्या मनानं केली होती. आज तिची भीती बोलून राहिली."

"नेलंस तर जन्मभर बोलणार न्हाई तुझ्याशी," लेक म्हणाली. तिचा जीव वाचवायला जाऊन तीच माझ्या हातून गेली तर? तरी बोलले, "नको बोलू. जन्मभर रुसून बस. पण रुसायला जित्ती राहा, माय."

एसटीत ती नांदेडपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. दवाखान्यात ती सगळ्यांशी बोलायची, झाडूवाल्या मावशींशीसुद्धा, फक्त मला सोडून. मी आपली रोज जायची, स्टुलावर बसायची, परत यायची. बऱ्याच दिवसांनी एकदा तिनं हळूच विचारलं, "वरवंटा धुतलास का?" मी इतकी रडले की नर्सबाई धावत आल्या.

सरळ रेषेत काही बरं झालं नाही. वर्षं गेली, अजूनही एखादा दिवस तिला जड जातो. पण आता ती लातूरला नोकरी करते, फोनवर "लई भूक लागली" म्हणून कुरकुरते, आणि मी ऐकत राहते.

आता पुढचं ऐका. यंदा मला साखर निघाली. पथ्य सांगितलं, मी मान डोलावली आणि खायचं ते खाल्लं. लेक रजा काढून आली, पिशवीतनं कागद काढला. काय खायचं ते मी ठरवायचं, ती ताटाकडं बघणार नाही. दर रविवारी बोट टोचायचं. आकडा रेघेच्या वर गेला तर नांदेड, वाद नाही. सही करताना मला हसू येत होतं.

पहिल्याच रविवारी आकडा वर. "काही खाल्लं न्हाई गं मी," म्हणाले. तिनं माझ्या पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा.

माझं टाळकंच सरकलं. "माझं शरीर हाय! वयाचा काही मान हाय का न्हाई? नेलंस तर बोलणार न्हाई तुझ्याशी!"

"नको बोलू," ती माझी पिशवी भरत म्हणाली. "पण रुसायला जित्ती राहा, माय."

एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. माझे डोळे गळत होते आणि ते तिला दिसू द्यायचे नव्हते. राग तर स्टँडावरच उतरला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी पोरगी माझ्यावर रुसून खिडकीबाहेर बघत होती.