उन्हाकडे गेलेली वेल

नव्वदच्या दशकात आम्ही गास गावात नव्या इमारतीत राहायला आलो. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या इमारतीची सावली दिवसभर त्यांच्या अंगणावर पडायची. तिथली घोसाळ्याची वेल मांडव सोडून आमच्या भिंतीवर चढली आणि कोपऱ्याला वळसा घालून माझ्या उन्हातल्या खिडकीच्या गजांना बिलगली. मुंग्या होतात म्हणून सोसायटीनं ती तोडायचं ठरवलं, तेव्हा बाई जिना चढून दारात आल्या.

"तोडू नको गं बाय. खाली ऊन नाय, म्हनून ती वर आली. तिचा काय गुन्हा?"

खिडकीशी जाऊन त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं, मुंग्या पदरानं अलगद झटकल्या.

"आमच्यामुळे तुमचं ऊन गेलं. राग नाही येत?" मी विचारलं.

"येतो तर! पन तिच्यासारखं वळून मी कुटं जाऊ?"

मी वेल तोडू दिली नाही. थंडीत बाई घोसाळी काढायला वर यायच्या. निम्मी माझ्या ओट्यावर ठेवायच्या आणि निघण्याआधी खिडकीतल्या उन्हाला पाठ देऊन घटकाभर उभ्या राहायच्या.