हवेचा पाय

माझ्या हरेश्वरच्या हातून एक दिवस कुणीतरी जायबंदी होईल, ही भीती आठ दिवस माझी पाठ सोडत नाही. तो दुष्ट नाही. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतो आहोत ते ठाऊक असतं. हरेश्वरला फक्त टाळ्या ऐकू येतात.

पंचवीस वर्षांचा आहे. इंटर सायन्सला दोनदा बसला, दोन्ही वेळा परीक्षक नालायक निघाले. मग सांताक्रूझला विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि विमानाच्या पायांचं काम शिकला. तो पाय म्हणजे एक जाड नळी आणि तिच्यात सरकणारा गुळगुळीत दांडा. आत थोडं तेल, बाकी दाबून कोंडलेला वायू. विमान जमिनीला टेकलं की दांडा आत जातो, वायू त्याला पुन्हा बाहेर ढकलतो. नळीच्या तोंडाशी रबराची कडी असते. ती झिजली की वायू निसटतो आणि पाय लुळा पडतो. हे काम त्याला खरंच येत होतं. दोन वर्षांनी मुकादमाने एक कडी काढून पुन्हा बसवायला लावली, तर हा नोकरी सोडून घरी आला. आपल्या हाताची तिथे कदर नाही म्हणाला. मग वरळीच्या आमच्या पडवीत त्याच हातांनी सहा महिने पत्ते पिसले.

त्यातच त्याला ती कल्पना सुचली. माझी थोरली नणंद राधाबाई दादरच्या बाजारात मासळी विकते. तिथे तिची बर्फाची पेटी आहे. सागवानी, आतून जस्ताचा पत्रा, झाकणात बुचाचा जाड थर. ते झाकण उचलायला दोन बायका लागत. हरेश्वरने चोरबाजारातून लढाईच्या वेळच्या भंगार विमानाचा एक लहानसा पाय आणून झाकणाला जोडला. वन्संनी एका हाताने झाकण वर केलं आणि ते वरच राहिलं. अख्खा बाजार बघायला जमला. आमचा मुलगा त्या दिवसापासून इंजिनिअर.

त्याच्याजवळ कारखान्यातून उचलून आणलेलं एक इंग्रजी माहितीपुस्तक होतं. ते त्याच्याने वाचवेना. मी बी.ए., शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी बसून मी त्याचं मराठी करून दिलं, म्हणून ते मला पाठ आहे. आधी वायू सोडून द्यावा, सोडताना तोंडासमोर उभं राहू नये. तेल काढून नळी धुवावी, कडी नवी घालावी. दांड्यावर ओरखडा दिसला तर तो पाय वापरू नये. भरून झाल्यावर तोंडाला साबणाचं पाणी लावावं आणि बुडबुडा आला तर सगळं काम पहिल्यापासून करावं. दांड्यावर कसलीही पूड पडू देऊ नये. माझ्या वहीला त्याने कापडी पुठ्ठा घातला. ती उघडल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

खंडेनवमीला बाजारात कोयते आणि तराजू पुजायला मांडले, त्यांच्या जोडीला ही पेटीही आली. हरेश्वरने स्वतः त्या चकचकीत दांड्याला हळद माखली, कुंकवाची पाच बोटं ओढली, वर झेंडू अडकवला. मग लोकांनी बघावं म्हणून झाकण पाच वेळा खालीवर केलं. दांड्याबरोबर कुंकू नळीत गेलं. बायकांनी हात जोडले.

दिवाळीपर्यंत झाकण डुगडुगायला लागलं. कडी बदल, असं मी दर रविवारी सांगत आले. दर रविवारी त्याला संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचं असे. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मीही मोर्चात चालले आहे. पण एक रबराची कडी बदलल्याने ती मिळायची राहिली असती, असं मला वाटत नाही. कारखान्यात पाय भरायला वायूची टाकी असे. हा सायकलवाल्याच्या पंपाने हवा मारतो आणि दोन दिवस मिरवतो.

गेल्या मंगळवारी वन्सं पेटीत वाकल्या असताना झाकण खाली आलं. कोपर काळंनिळं झालं आहे.

"हळूच आलं गो," त्या मला म्हणाल्या, "पोराला बोलू नको. बाजारात त्याचं नाव झालंय."

उद्या सकाळी आठ वाजता मासळीवाल्यांच्या सोसायटीची माणसं पेटी बघायला येणार आहेत. पसंत पडली तर आणखी बारा पेट्यांना हरेश्वरचे पाय लागतील. आज संध्याकाळी मी बाटलीत साबणाचं पाणी घेऊन बाजारात गेले आणि नळीच्या तोंडाला लावलं. फेस आला, तोही लालसर. वन्संना दाखवला.

"मंजुळे, उद्याच्या दिवस तरी गप बस," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवताना हरेश्वरला सांगितलं. तो हसला.

"आये, आत्ताच पंप मारून आलोय. उद्याच्यापुरता धरेल."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू."

त्याचे वडील माशाचे काटे काढत राहिले. आमच्या घरात पुरुषांना काटे नेमके अशा वेळी सापडतात.

मी मोठी शहाणी, मुलाला नावं ठेवते. खंडेनवमीच्या दिवशी हळदीकुंकवाचं ताट माझ्याच हातात होतं. पूड पडू देऊ नये, हे वाक्य मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं. इतक्या बायका त्याचं कौतुक करत होत्या. त्याची आई म्हणून माझ्याकडेही बघत होत्या. मी ताट पुढे केलं.

सोसायटीचे चिटणीस कुशाबा दादरलाच राहतात, त्यांच्या घरी फोन आहे. वन्सं माझं ऐकणार नाहीत, पण कुशाबांनी सांगितलं तर पेटीला हात लावणार नाहीत. समोरचे डॉक्टर पाचला उठतात. मी त्यांच्याकडून फोन करणार आहे. झाकण काढून ठेवा, तो पाय निकामी आहे, आणि बाकीच्या बारा पेट्यांना तो लावू नका, असं सांगेन. कोण बोलतंय म्हणून कुशाबा विचारतीलच. हरेश्वरची आई, म्हणून सांगायचं.