गॅरेजच्या भिंतीवरची हळद

तीन आठवड्यांपूर्वी, इथे कॅनबेरात गुंगालिनच्या ट्राम स्टॉपवर उभी असताना फोन वाजला. स्क्रीनवर एबाचं नाव. मी हॅलोसुद्धा न म्हणता आमचा नेहमीचा प्रश्न विचारला, "काय गं, गोल केलास का?" पलीकडे एबा नव्हती, तिची आई होती... बर्फावरून गाडी घसरली, प्रॅक्टिसला निघाली होती, एवढंच ती कसंबसं बोलली. चोवीस वर्षांची पोर. समोर ट्राम आली, दारं उघडली, मिटली आणि निघून गेली. मी तिथेच उभी होते.

एबा स्वीडनची. कॅनबेराच्या एका क्लबने तिला एका सीझनसाठी आणलं होतं, लेफ्ट बॅक म्हणून, म्हणजे डावीकडून बचाव करायला, आणि आमची मागची खोली रिकामी होती म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण पहिल्या दिवशी त्या मुलीने दारातच बूट काढले आणि नीट जोडून ठेवले. इतक्या वर्षांत इथल्या पाहुण्यांना बुटांचं सांगून सांगून माझं तोंड दुखलंय! तिच्या गावीही म्हणे बूट दारातच काढतात. मी तिला तिथल्या तिथे पास करून टाकलं. रात्री जेवायला वाढताना सवयीने "अजून एक" म्हणत तिला चार पोळ्या खायला लावल्या. मराठीतले तेवढेच दोन शब्द ती शिकली, पण पक्के.

तिच्या गावात मुलींचा संघच नव्हता. सोळाव्या वर्षापर्यंत ती मुलांमध्ये खेळली, कपडे बदलायला बॉल ठेवायच्या खोलीत जायची. पोरगी आहे, मागे उभी राहील, म्हणून कोचने तिला बचावात टाकलं आणि मग तिच्या बाजूने कुणी पुढे जाऊ शकेना. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, मग पहिल्या डिव्हिजनमध्ये दोन वर्षं नुसती बाकावर. पहिल्या मिनिटापासून खेळायला मिळालं ते इथेच. प्रत्येक मॅचनंतर मी विचारायची, "गोल केलास का?" आणि ती पाणी पीत शांतपणे सांगायची, "नाही. होऊ दिला नाही."

जानेवारीत तिचा गुडघा फिरला, लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं आणि मार्चमध्ये जग बंद झालं. सासूबाईंना भेटायला गेलेले प्रकाश, म्हणजे माझे यजमान, पुण्यात अडकले. घरात मी, माझी बारा वर्षांची इरा आणि लंगडणारी एबा. तिची आई रोज फोनवर एकच सांगायची, मिळेल त्या विमानाने ये, बाबांचं दुकान आहेच. इकडे क्लबने सांगून ठेवलं होतं की डिसेंबरपर्यंत मैदानावर उतरलीस तरच नवा करार. एकदा भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आत्ता घरी गेले तर मी परत खेळणार नाही, सुनीता. दुकान चांगलं आहे. म्हणूनच भीती वाटते."

गाडी बाहेर दवात कुडकुडत ठेवून आम्ही तिला गॅरेज दिलं. पाठीवर झोपायचं, टाच भिंतीला लावायची आणि हळूहळू खाली सरकवायची. टाच जितकी खाली, तितका गुडघा जास्त वाकला. संध्याकाळी तो टम्म सुजायचा. मला काही बघवेना. आंबेहळद संपली होती, तर मी शहाणीने स्वयंपाकाची हळद गरम करून चांगला जाड लेप थापला. दुसऱ्या दिवशी फिजिओने व्हिडिओ कॉलवर तो पिवळा-हिरवा गुडघा पाहिला आणि जखम चिघळली समजून तिला तातडीने हॉस्पिटलला धाडलं! मास्क लावून दोन तास बसलो. शेवटी एक केरळची नर्स गुडघ्यावर वाकली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आंटी, हल्दी लगाई है क्या?" डॉक्टरने मला झापलं ते वेगळंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एबा मात्र घरी येईपर्यंत गाडीत हसत होती. आल्यावर तिने वाटीतल्या उरलेल्या हळदीत बोट बुडवलं आणि टाच जिथवर पोचली होती तिथे भिंतीवर ठिपका लावला. "लेप नको, पण खूण करायला चांगली आहे."

मग दर रविवारी इरा ठिपका लावायची. मी मराठीत काहीही विचारलं तरी आमच्या बाईसाहेब उत्तर इंग्रजीतच देणार, पण या कामाला एकदाही 'लेटर, आई' म्हणाली नाही. ऑगस्टमध्ये घोडं अडलं. तीन रविवार ठिपका त्याच जागी. एबाने बाटली भिंतीवर फेकली आणि बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, "भर हो, पण आधी जेव." जेवली. ताट घासून ठेवलं आणि खोलीत जायच्या ऐवजी गॅरेजमध्ये गेली. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला, "अजून एक... अजून एक..."

चौदा ठिपके झाले. डिसेंबरात, नव्या सीझनच्या पहिल्याच मॅचला ती शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरली. खुर्च्या लांब लांब, मी आणि इरा मास्क लावून बसलेलो. अगदी शेवटी समोरची एक पोरगी बॉल घेऊन एकटीच सुटली आणि एबा त्याच गुडघ्यावर घसरत आली, बॉल अलगद काढून घेतला. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, "शाब्बास गं माझ्या वाघिणी!" लांबवर बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. बघू देत!

करार झाला. सीझन संपल्यावर ती मायदेशी पहिल्या डिव्हिजनमध्ये परतली आणि तिथे एकही मॅच बाकावर बसली नाही. मागच्या शरदात राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा पहिला फोन आईला आणि दुसरा मला. "सुनीता, पिवळा शर्ट!" स्वीडनच्या संघाचा शर्ट पिवळाच असतो. मी म्हटलं, "हळदीचा गुण!" शिबिर या फेब्रुवारीत होतं. तो शर्ट तिच्या अंगावर चढला नाही, याचं दुःख माझ्याने गिळवत नाही. सगळ्या कारकिर्दीत तिच्या नावावर एकही गोल नाही. पण तिला बाजूला सारून कुणी सहज पुढे गेलं नाही, आणि ती माझ्या घरात राहिली याचा मला इतका अभिमान वाटतो की ओळखदेख नसलेल्यांनाही सांगत सुटते.

प्रकाश आता परत आलेत. गेल्या रविवारी ते गॅरेजसाठी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आले. मी म्हटलं, "ती भिंत सोडून." त्यांनी डबा बाहेर नेऊन ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, मी सतरंजी टाकून आडवी झाले आणि टाच भिंतीला लावली. पहिला ठिपका, दुसरा... माझा बावन्न वर्षांचा गुडघा नवव्याला येऊन कुरकुरला आणि थांबला. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. दारात इरा उभी होती. कधी आली कळलंच नाही. आत आली, माझ्या पायाशी बसली आणि दहाव्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "अजून एक."