‘वगळता’ शब्दाचा घोळ

छापखान्यात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे स्वल्पविराम. तीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांची नजर अशी तयार झाली होती की खोकल्याच्या औषधाबरोबरचा कागदही ते लाल पेन घेऊनच वाचत.

लेकीने एकदा क्रेडिट कार्डाचा विषय काढला. "बाबा, घरखर्च होतोच आहे ना? मग कार्डावर करा. पाच टक्के परत मिळतात. बिल वेळेवर भरलंत की व्याजबिज काही नाही."

"आधी वाचून बघतो," स्वल्पविराम म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारला.

नियमांची पुस्तिका चाळीस पानांची. तीन संध्याकाळी खपून ते सतराव्या पानावर पोचले आणि अडले. तिथे छापलं होतं: ‘किराणा, औषधे, वीजबिल वगळता घरखर्च यांवर पाच टक्के परत.’

वगळायचं कुणाला? एकट्या वीजबिलाला, की तिघांनाही?

त्यांनी बँकेत फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मिळतात की काका पैसे!"

"पण कशावर?"

"घरखर्चावर."

"किराणा घरखर्चात येतो का?"

पलीकडे बराच वेळ बासरी वाजत राहिली. मग मुलगी परत आली आणि खाजगीत सांगावं तशी म्हणाली, "काका, हे पान आजवर कुणी वाचलेलंच नाही हो."

शेवटी बायकोनेच निकाल लावला. कार्ड मागवलं, आणि महिनाभर किराणा, औषधं, वीजबिल, झाडून सगळं त्यावरच केलं. महिनाअखेर सगळ्यावर पाच टक्के जमा! वीजबिलावरसुद्धा.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

कसलं समाधान! वाक्य चुकीचं ते चुकीचंच. पैसे मिळाले म्हणून का ते शुद्ध होतं? त्यांनी बँकेला दोन पानी पत्र लिहिलं, संदिग्धता दाखवून दिली, वर दोन पर्यायी वाक्यरचनाही सुचवल्या. बायको म्हणाली, "कशाला उगाच झोपलेल्याला उठवताय?" पत्र गेलंच.

महिन्याभरात नवी पुस्तिका आली, सोबत आभाराचं पत्र. सतराव्या पानावर आता होतं: ‘किराणा, औषधे आणि वीजबिल या तिन्हींवर परतावा मिळणार नाही.’

लेक फोनवर नुसती हसत सुटली. बायको मात्र दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने पिशवी उचलली, रोख पैसे घेतले आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निघाली. दारात क्षणभर थांबून म्हणाली, "मग आता त्या कार्डावर घ्यायचं तरी काय?"

स्वल्पविरामांनी पुस्तिकेतून डोकं वर काढलं नाही. "ते बाविसाव्या पानावर आहे," ते म्हणाले, "पण तिथेही जरा घोळ आहे."

"पत्र लिहाल तर याद राखा!" ती म्हणाली आणि लाल पेन पिशवीत टाकून जिना उतरली.