कागदावर गेलेले डोळे

एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मी दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालो. पावणेअकराला हे बायकोला कळलं, अकराला शेजाऱ्यांना, आणि दुपारच्या जेवणाआधी माझा मेहुणा मधुकर माझं दुकान सांभाळायच्या तयारीने दारात उभा होता.

त्याआधी माझे डोळे धडधाकट होते असं मी म्हणणार नाही. के. आर. पुरमला माझं नट-बोल्टचं दुकान. सोळाव्या वर्षी निपाणीहून एका पिशवीनिशी बंगळूरला आलो, वीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत लोखंड उचललं आणि मग स्वतःची पाटी लावली. तर सहा महिने झाले होते, बोल्टच्या माथ्यावरचे बारीक आकडे मला दिसेनासे झाले होते. मी अंगठ्याने चाचपून माप ओळखायचो आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय अनुभव आहे अण्णांचा!

घरी कुणाला बोललो नव्हतो. बोलायची हिंमत नव्हती. माझ्या वडिलांचे डोळे काचबिंदूने गेले, साधारण याच वयात. गुपचूप गेले, न दुखता. त्याच वर्षी काकांनी ‘नुसती सही’ म्हणून एक कागद वडिलांच्या हाताखाली सरकवला, आणि आमची तंबाखूची वखार काकांची झाली. (काकांशी मी त्या दिवसापासून बोलत नाही. ते वारले, तरी बोलत नाही.) मला अंधाराची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती त्या अंधारात कोण कोणता कागद पुढे करील याची होती.

अशात एका डोळ्यांच्या इस्पितळाने आमच्या वस्तीत पाहणी काढली. चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाची नजर घरी येऊन तपासायची. किती जणांना दिसत नाही आणि का दिसत नाही, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. आमच्या गल्लीत शोभा नावाची, मराठीत कन्नड मिसळून बोलणारी मुलगी आली. हातात सहा मीटरची दोरी, काखेत एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर इंग्रजी ‘ई’ अक्षरं. अक्षराची उघडी बाजू कुठे आहे ते सांगायचं: वर, खाली, डावीकडे की उजवीकडे. वाचता न येणाऱ्यालाही जमावं म्हणून ही सोय. बंद खोलीत नाही, भर गल्लीत. एका टोकाला पुठ्ठा, दुसऱ्या टोकाला माणूस, आणि दोन्ही बाजूंना फाटकांवर कोपर टेकून उभे असलेले शेजारी.

मला घाम फुटला. पण मी धंद्यात वाढलेला माणूस, घाम दाखवत नाही. बायकोला म्हटलं, “आधी तू जा.”

ती गेली, आणि मी पुढच्या खोलीत खिडकीच्या गजांआड कान लावून बसलो. तिने ठणठणीत आवाजात सांगितलं: वर, उजवीकडे, उजवीकडे, खाली, डावीकडे. दुकानातली पाचशे मापं मला तोंडपाठ होती. ही पाच उत्तरं म्हणजे काहीच नाही. बायकोला सगळं दिसत होतं, म्हणजे उत्तरं बरोबर होती. मी ती तीनदा घोकली आणि शर्टची वरची गुंडी लावून बाहेर पडलो.

एक डोळा झाकून मी उभा राहिलो. पुठ्ठ्याकडे बघायची मला छातीच होत नव्हती. बघितलं आणि दिसलं नाही तर? त्यापेक्षा मी तिच्या डोक्यावरच्या नारळाच्या झाडाकडे नजर लावली आणि धाडधाड सांगून टाकलं: वर, उजवीकडे, उजवीकडे, खाली, डावीकडे.

शोभा थांबली. तिने दुसरा डोळा झाकायला लावला. मी पुन्हा तेच, आणखी जोरात. मग ती दोरी अर्धी करून जवळ आली. मला वाटलं, खूश झाली. मी तिसऱ्यांदा तेच म्हणालो. फाटकावरची एक बाई दुसरीच्या कानाशी लागली.

आता शोभा अगदी हातभर अंतरावर आली आणि तिने तीन बोटं वर केली. “अंकल, स्वल्प इकडे बघा. किती?”

इथे माझा घात झाला. ती तीन बोटं मला स्वच्छ दिसली होती. हे मी तेव्हाही शपथेवर सांगत होतो, आजही सांगतो. पण तीस वर्षं बाजारात समोरच्याने भावाची तीन बोटं दाखवली की मी कधी तीन म्हटलेलं नाही. भेदरलेल्या माणसाच्या तोंडून सवयच बोलते.

“दोन,” मी म्हणालो.

तिने चार दाखवली. मी “तीन” म्हणालो आणि वर मान हलवली, की याच्या पुढे सरकणार नाही.

शोभाने काहीतरी लिहिलं, पुठ्ठा काखेत मारला आणि माझा कोपर धरला. “सरी, ठीक आहे अंकल. पायरी आहे, हळू.” मला माझ्याच घरात तिने हाताला धरून नेऊन बसवलं. बायकोच्या हातात चिठ्ठी दिली: दोन्ही डोळे, दृष्टी नाही, ताबडतोब तपासणी.

मी ओरडलो की मला दिसतं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली की सवयीच्या घरात सगळ्यांनाच तसं वाटतं. हे ऐकलं आणि मी ओरडायचा थांबलो. कारण वडीलही अगदी हेच म्हणायचे. मला दिसतं, मला दिसतं, म्हणत भिंतीला हात लावून चालायचे. आणि मी बायकोची उत्तरं दिली होती ना? ती बरोबर होती ना? मग ही मुलगी दृष्टी नाही असं का लिहिते? म्हणजे डोळ्यांचं काहीतरी असं बिघडलं होतं की ते मलासुद्धा कळत नव्हतं.

पाठ करून बोललो हे बायकोला सांगायला हवं होतं. पण मग पाठ का केलं, तेही सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात मधुकर आला. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पगार पहिल्या तारखेला, उभ्या आयुष्यात कुणाशी घासाघीस न केलेला माणूस. तो माझ्याशी मोठ्याने बोलायला लागला, जणू कान गेले होते. “दाजी, काही काळजी करू नका. दुकानाचं मी बघतो. किल्ल्या कुठे असतात?” मी किल्ल्यांवर बसलो. अक्षरशः बसलो, जेवायलाही उठलो नाही. महाराष्ट्र मंडळात त्याने संध्याकाळपर्यंत बातमी पोचवली. दुसऱ्या दिवशी एकजण आला आणि मला केळं सोलून देऊन गेला.

दोन दिवस मी दर तासाला एकेक डोळा झाकून कॅलेंडर बघत होतो. तारखा दिसत होत्या. पण खरंच दिसत होत्या, की सवयीने आठवत होत्या? तिसऱ्या दिवशी इस्पितळाची जीप आली आणि आम्हाला हेब्बाळच्या बाजूला घेऊन गेली. मधुकर रजा काढून बरोबर. तिथे एका नर्सने कन्नडमध्ये काहीतरी सांगत डोळ्यांत थेंब घातले. मी तेव्हा मधुकरला किल्ल्यांवरून बोलत होतो, त्यामुळे ऐकलं नाही. डोळे मिटून बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने उघडले.

समोरची माणसं विरघळली होती. भिंतीवरची पाटी पांढरा डाग झाली होती. स्वतःचा तळहात डोळ्यांपाशी आणला, तर त्याच्या रेषा गेल्या होत्या. आलं, मी मनात म्हणालो, वडिलांचं आलं. मी बायकोचा हात शोधला आणि इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या.

आणि नेमक्या त्या क्षणी मधुकरने माझ्या मांडीवर एक कागद ठेवला, बोटांत पेन दिलं आणि म्हणाला, “दाजी, इथे नुसती एक सही करा.”

मी कागद नाकापाशी नेला. एक अक्षर दिसेना. निपाणीची वखार, काकांचा तो मऊ आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. मी उठलो, कागदाचे आठ तुकडे केले आणि भरल्या दालनात मधुकरला चोर, लुटारू आणि माझ्या काकांचा अवतार म्हणालो. शंभर पेशंट ऐकत होते. त्यांतल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, पण आशय पोचला.

“अहो,” बायको दबक्या आवाजात म्हणाली, “तो तपासणीचा संमतीचा फॉर्म होता. थेंबांच्या आधीच घ्यायचा राहिला होता. आणि थेंबांनी चार तास धूसर दिसतं, हे नर्सने दोनदा सांगितलं.”

नवा फॉर्म यायला पाऊण तास लागला. बायकोने तो मला शब्दन्‌शब्द वाचून दाखवला, दोनदा, आणि मग मी सही केली. मधुकर तोवर दूरच्या बाकावर जाऊन बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. तेवढा वेळ मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, “काचबिंदू नाही. लांबचं छान दिसत असणार. वडिलांना होता म्हणून दर वर्षी तपासून घ्या. पण मला सांगा, हे आंधळे असं कुणी लिहिलं?”

शोभाला बोलावलं. ती बिचारी हैराण. म्हणाली, कुणी पाठ करू नये म्हणून प्रत्येक माणसाला पुठ्ठा फिरवून दाखवायचा असा नियमच आहे. अंकलनी एकही बरोबर सांगितलं नाही, बोटंसुद्धा नाहीत. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो की पुठ्ठा फिरवणार हे माणसाला आधी सांगायला हवं. माझं अजूनही तेच म्हणणं आहे.

“वयाचा जवळचा नंबर आहे, बाकी काही नाही,” डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. “दोन.”

“दीडमध्ये बसवा,” मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. मागे रांग होती, मी मगाशी जो आवाज काढला होता तो त्यांनी ऐकला होता. त्यांनी दीड लिहिलं.

तेव्हापासून दर वर्षी न चुकता तपासणीला जातो आणि दर वर्षी बाईंकडून अर्धा नंबर उतरवून घेतो. चष्म्यातून मला अगदी लख्ख दिसतं. बाई आधीच अर्धा वाढवून सांगतात, हे मात्र परवापर्यंत मला दिसलं नव्हतं.