मावशीच्या नावापुढची हिरवी खूण

आमच्या चर्चच्या मंडळीत अ‍ॅप आणलं ते सचिवांनी. ते ऐरोलीला आयटीत मॅनेजर आहेत, त्यामुळे देवाचं कामही त्यांना प्रोजेक्टच वाटतं. त्याआधी सगळा कारभार उपासनेनंतरच्या चहावर चालायचा. फुलं कोण आणणार, शास्त्रपाठ कोण वाचणार, सगळं बिस्किट बुडवता बुडवता ठरायचं आणि निम्मं विसरलं जायचं. आता मोबाईलवर प्रत्येक कामाची पाटी आली. काम झालं की बटण दाबायचं, हिरवी खूण उमटते. ‘आता एकही टास्क मिस होणार नाही,’ सचिव म्हणाले. आम्ही एका सुरात आमेन म्हणालो. आमची ती खोडच आहे. चर्चचा पत्रा गळतोय असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तरी मागच्या बाकावरून आमेन येतं.

त्याच सुमारास मावशीचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मावशी म्हणजे संडे स्कूलची जुनी शिक्षिका. अर्ध्या मंडळीचे कान तिने पिरगाळलेत, माझे तर दोन्ही. कामोठ्याला एकटीच राहते. तिला फार काही नको होतं. पाळकांनी घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यावा, भेट देणाऱ्या गटाने दोन गीतं म्हणावीत, एवढंच. ‘दर शनिवारी येतील हं,’ असा सचिवांनी तिला फोन केला आणि अ‍ॅपवर पाटी चढवली. लगेच हिरवी खूण. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाटी, पुन्हा खूण. मी गायनवृंदात, पण ते बघून मलाही बरं वाटायचं. सचिवांनी तर भर उपासनेत त्या गटासाठी टाळ्या वाजवून घेतल्या.

मग मावशीचा मला फोन आला. ‘काय गं, तुमी सगळे मेलात की काय?’

‘अगं, दर शनिवारी येतात ना तुझ्याकडे?’

‘कोण येतं? इथे कुत्रं फिरकत नाही!’

मी गटातल्या एकेकाला धरलं. एक काका शांतपणे म्हणाले, ‘पाटी दिसली की मी लगेच मावशींसाठी प्रार्थना करतो आणि बटण दाबतो.’ प्रार्थना केली म्हणजे काम झालं! बाकीच्यांना खूण दिसली, त्यांना वाटलं कुणीतरी जाऊन आलं. पाळकसाहेबांना वाटलं, मावशीचं गाण्यांवरच भागलं. मी इतकी भडकले की चर्चच्या पायऱ्यांवरच तोंड सोडलं. पाळकांनाही सोडलं नाही.

त्या शनिवारी आम्ही झाडून सगळे कामोठ्याला गेलो. पाळक, सचिव, ते काका, पेटी, सगळं लटांबर. बेल वाजवली तर आधी शेजारचं दार उघडलं. साताऱ्याकडची एक बाई बाहेर आली आणि आमच्याकडे बघतच राहिली.

‘म्हंजे खरंच हायत की माणसं!’ ती म्हणाली. ‘दर शनिवारी माझ्याकडनं साडी नेसवून घेती आन् सांजंपर्यंत दाराकडं बघत बसती. मी म्हटलं, एकटीच हाय बिचारी, माणसं येणार म्हणून उगंच मनाचं सांगती.’