पाटीवरचं नगर

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण ताठा काही उतरत नव्हता. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा थोरला म्हणाला, "आई, मी येतो संगं. तुला दिसत न्हाई." मी उसळलेच. "चाळीस वर्षं एसटीनं फिरतेय मी! दवाखान्यात लेक हाय की. तू आपला कामाला जा." खरं सांगायचं तर आतून धास्ती होती. साडेदहाच्या आत पोचले नाही तर नंबर जाणार आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर तव्यावरची भाकरी तरी दिसेल का, याचीच शंका होती. निघताना मोहट्याच्या देवीआईला हात जोडले, पण मन लागलं नाही. रोज दिवा लावणाऱ्या बाईचेच डोळे का जावेत, हा राग होताच.

पाथर्डीच्या स्टँडवर सकाळी गाडी लागली. पाटीवर सुरुवातीला काय होतं, ते नुसतं धुकं. शेवटची तीन अक्षरं तेवढी ओळखू आली, नगर. आता शहराचं नाव लांबलंय, पाटीवर अहिल्यानगर असतं, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, हीच आपली गाडी. शेजारच्याला विचारलं असतं तर काय जीभ झिजली असती? पण नाही. विचारलं म्हणजे आपण आंधळ्या झालो हे कबूल करायचं. चढले आणि खिडकीशी ऐटीत बसले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर कंडक्टर आली. आवाजावरून तिशीतली पोरगी असावी. "एक नगर," मी म्हणाले. ती थबकली. "आजी, ही संभाजीनगरची गाडी हाय. पाटी बघितली न्हाई व्हय?"

मागून कुणीतरी हसलं, "नगर तर दोन्हीकडं हाय!" मला रडूच फुटलं. भरल्या गाडीत मी सांगून टाकलं, की बाई, मला दिसत नाही, आज माझं ऑपरेशन आहे. हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. आता घंटी मारून रस्त्यात उतरवणार, असं वाटलं. तसं केलं असतं तरी तिला बोल लावता आला नसता, चूक माझीच होती. पण ती माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "गुमान बसा. शेवगावातनं नगरला गाडी हाय. मी फोन लावते."

शेवगावात तिनं मला हाताला धरून उतरवलं. नगरची गाडी इंजिन चालू ठेवून थांबली होती. तिथल्या कंडक्टरला तिनं बजावलं, "ही माझी आजी समजा. दवाखान्यापाशी उतरवून रिक्षात बसवायचं." मी तिचं नाव विचारेपर्यंत ती तिच्या गाडीकडं पळाली. सव्वादहाला मी लेकीसमोर उभी होते. जीव भांड्यात पडला.

मऊ गाद्यांच्या, गार हवेच्या गाडीतूनही मी भाचीच्या लग्नाला गेले आहे. त्यातलं आज काही आठवत नाही. गाडी नीट पोचली की माणूस ती विसरूनही जातो. आपलं चुकतं तेव्हा समोरचा कसा वागला, तेवढं मात्र जन्मभर राहतं. त्या गाडीत देवी आली होती असं मी म्हणणार नाही. ती पोरगी आपली नोकरी करत होती, एवढं मला कळतं. पण ताठा गळून पडला आणि त्याच घडीला हात मिळाला, हे माझ्यापुरतं खरं. देवीवरचा राग मी तिथंच सोडला.

पट्टी निघाली, सगळं लख्ख दिसू लागलं. थोरला न्यायला आला, त्याला सगळं सांगितलं. स्टँडवर म्हणाला, "त्या बाई दिसल्या तर सांग, मीबी हात जोडतो." सांगणार काय, कपाळ? तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून खाकीतली कुठलीही कंडक्टर पोरगी दिसली की मी आधी नमस्कार करते. परवा एकीनं विचारलं, "आजी, मला वळखता का?"

"न्हाई गं बाई," मी म्हटलं. "म्हणून तर सगळ्यांनाच करते."